तवा कुठं संपतो

मास्तर कुठल्याही खोलीत शिरले की आधी भिंत बघत नसत. दारातच थांबून उजवा तळहात समोर धरत, तो सावकाश उलटा करत, पुन्हा सुलटा करत आणि डावा डोळा मिटून त्याच्याकडे बघत राहत. कुणी घाई केली तर म्हणत, "आधी उजेड बघू की. रंग कुटं पळून चाललाय?"

गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, रंगखान्यातले. सोलापुरात सूत रंगवायच्या एका कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. त्यांनी हो म्हटल्याशिवाय रंगवलेलं सूत मागावर चढत नसे. कारखाना बंद पडला तसे ते घरं रंगवू लागले. घरात तेलुगू बोलायचे, गल्लीत आमच्यासारखंच मराठी. नखांच्या कडा कायम निळसर. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे आपण कामापुरतंच बघतो. मीही तसंच बघत होते.

आमचं घर दोन खोल्यांचं. मी सातवीत असताना वडील गेले आणि आई मला घेऊन मंद्रूपहून सोलापुरात आली. कडक भाकरी करून ती खानावळींना देई. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही उत्तरेला, आणि समोर चार हातांवर शेजाऱ्यांची उंच भिंत. ऊन तिथं कधी आलंच नाही. दिवसाही बल्ब लागायचा, पण विजेचं बिल येईल म्हणून आई तो लावत नसे. त्याच खिडकीखाली पोत्यावर बसून मी अभ्यास केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. हे मी अभिमानाने सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नोकरी लागल्यावर पहिलं काय केलं असेल, तर स्वयंपाकघर नवं केलं. एका सहकारी बाईंच्या फ्लॅटमध्ये काळ्या ग्रॅनाइटचा ओटा पाहिला होता. तोंड दिसेल असा चकचकीत. तसाच बसवला. भिंतींना गडद मरून ऑइलपेंट दिला, मागच्या भिंतीवर एक ट्यूबलाइट लावली. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. काळा दगड आला म्हणजे आपण वर आलो, असं मला वाटायचं. आईने त्या दगडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई झ्याक हाय."

चार वर्षांनी आईला काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली तेवढी थेंब घालून सांभाळायची. तिला कडेचं दिसेना. एकसारख्या रंगाच्या दोन वस्तू शेजारी ठेवल्या तर एक कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली, ते कळेना.

कडक भाकरीचं निम्मं कसब हातात आणि निम्मं डोळ्यांत असतं. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर ठेवून कडक होऊ द्यायची. पांढरेपणा जाऊन भाकरी जराशी पिवळसर व्हायला लागली की उतरवायची. आधी उतरवली तर वातड होते, उशीर झाला तर करपते. आईच्या भाकरी खानावळीतून परत यायला लागल्या. तिने मला ते सांगितलं नाही. पिठाच्या डब्यामागे दडवलेल्या करपलेल्या भाकरी मलाच एक दिवस सापडल्या. मग तिची बोटं बघितली. तीन बोटं भाजलेली होती, एक जुनं, दोन ताजी.

"आता बस झालं," मी म्हणाले. "आपल्याला गरज नाही. मी स्वयंपाकाला बाई लावते."

"मग मला हितं कशाला ठिवतीस? मंद्रूपला सोड जा. तितं अंगणात तरी बसंन." एवढं बोलून आई दोन दिवस गप्प राहिली.

तिचं गप्प राहणं मला सोसेना. मी माझ्या परीने तोडगा काढला. भिंती पांढऱ्याशुभ्र करायच्या आणि दिवा मोठा लावायचा. दुकानातून शेडकार्ड आणलं, एका नंबरावर खूण केली आणि मास्तरांना बोलावलं.

ते आले, दारात थांबले, तळहात बघितला. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते न उघडता खिडकीत ठेवलं आणि आईला म्हणाले, "अक्का, एक भाकरी टाका बघू."

"रंगाला बलिवलंय तुमाला, जेवाया न्हाय," आई म्हणाली.

"दोन्ही करतो की."

दोन दिवसांनी आईच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द. ती उठली. मास्तर पाटावर बसून बघत राहिले, भिंतींकडे नाही, आईच्या हातांकडे. भाकरी उतरल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मॅडम, दिवा अक्काच्या पाठीवर पडतोय. तव्यावर काय पडतंय मग? सावली. कालेजात काय शिकवता तुमी?"

"प्रकाश," मी म्हणाले. खरोखरच त्या आठवड्यात मी वर्गात परावर्तन शिकवत होते. मास्तर हसले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं.

मी म्हणाले की खोलीच वाईट आहे, उत्तरेची आहे, ऊन येत नाही. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "रंगखान्यात सूत बघायची खिडकी मुद्दाम उत्तरेला ठेवायचे. दुसरीकडचा उजेड सकाळी एक सांगतो, संध्याकाळी एक. उत्तरेचा थोडा असतो, पण खोटं बोलत न्हाय. तुमी त्याच्यापुढं काळं आणि लाल ठेवलंय. सगळा गिळून टाकतंय ते."

मग तीन दिवस त्यांनी ब्रश भिंतीला लावलाच नाही. पुठ्ठ्याचे तुकडे रंगवून आणले आणि भिंतीवर टांगले. माझा पांढरा, एक मोतिया, एक फिकट पिवळा, एक फिकट हिरवा. सकाळी येत, दुपारी येत, पाचला येत. तळहात बघत, आणि आईला एकेका पुठ्ठ्यासमोर भाकरी धरायला लावत. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "भाकरीला स्थळ बघताय व्हय मास्तर?"

"व्हय. पसंत पडल्याबिगर उठणार न्हाय."

मी मात्र वैतागले होते. नंबर निवडून दिला असताना हे कशाला?

"नंबर दुकानात निवडला, दुकानाच्या दिव्यात," ते म्हणाले. "दुकान घरी आणणार हाय काय मॅडम?"

माझा पांढराशुभ्र त्या खोलीत राखेसारखा दिसत होता, हे मलाही नाकारता येईना. आईने मोतियावर बोट ठेवलं. ताकात नखभर हळद कालवावी तसा तो रंग. मास्तर स्वतःशीच तेलुगूत पुटपुटले, "बागुंदी." म्हणजे छान आहे. त्यांच्या तोंडून कौतुकाचा हा एकच शब्द मी ऐकला, तोही तोवर माणसाला उद्देशून कधी नाही.

दिव्याचंही तसंच. मी पिवळ्या प्रकाशाचा आणला होता, तो त्यांनी परत पाठवला. "पिवळ्या दिव्यात कच्ची भाकरीबी झालेली दिसती. अक्काला फसवायचं हाय काय?" खिडकीच्या उजेडाशी जुळणारा दिवा मिळेपर्यंत ते दुकानातून हलले नाहीत. तो त्यांनी आईच्या समोर, ओट्यावरच्या फळीच्या खाली बसवून घेतला आणि पुढे लाकडाची पट्टी मारली. "दिवा दिसायचा न्हाय. भाकरी दिसायची."

भिंती मोतिया झाल्या. खोलीला जाग आल्यासारखं वाटलं. मी समाधानात होते, तेवढ्यात मास्तरांनी ओट्यावर बोट टेकवलं.

"हा काढावा लागतोय."

मी तापले. "तो दगड माझ्या पहिल्या कमाईचा आहे. तो निघणार नाही. तुम्हाला रंगाचं काम दिलंय, रंगाचं करा."

ते आईकडे वळले. "अक्का, तवा कुटं संपतो, ते दाखवा जरा."

गॅस बंद होता, तवा थंड होता. आईने हात पुढे केला. तिने बघितलं नाही. बोटं दगडावर टेकवून पुढे पुढे सरकवत नेली, आणि तव्याची कड लागल्याबरोबर हात झटकन मागे घेतला. तवा थंड असूनही.

मला वाटतं मी तेव्हा पहिल्यांदा माझा ओटा बघितला. काळा दगड, त्यावर काळी शेगडी, तिच्यावर काळा तवा.

"आई, तुला तवा दिसत नाही?"

"दिसतोय की," ती म्हणाली. मग पदराला बोटं पुसत म्हणाली, "तू हौसेनं बसिवलास पोरी. समदी गल्ली बघाया आलती. त्याला वंगाळ कसं म्हनू?"

मास्तरांनी पाट ओढला आणि ते बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाळीस वर्षं मी सुताची लड घेऊन खिडकीत गेलो. घरात बायकोची चूल कसल्या अंधारात हाय, ते कधी बघितलं न्हाय. ती गेली, भांडी आवरायला आत गेलो, तेव्हा बघितलं."

हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मी दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं.

ओट्यावर फिकट, पांढरट दगड बसला. काळा दगड उचलून न्यायच्या वेळी मास्तरांनी गवंड्याला थांबवलं आणि त्यातून परातीएवढा चौकोन कापून घेतला. कडा स्वतः घासून गुळगुळीत केल्या. तो त्यांनी खिडकीखाली, ओट्यातच बसवायला लावला.

"काळा तवा पांढऱ्यावर दिसणार," ते आईला म्हणाले. "पण भाकरी पांढरी. ती पांढऱ्यावर हरवणार. ती ह्या काळ्यावर थापायची." मग मला म्हणाले, "तुमची कमाई बाहेर जात न्हाय मॅडम. खिडकीत बसली."

आईने पीठ मळलं, गोळा त्या काळ्या दगडावर ठेवला आणि थापायला लागली. भाकरी वाढत गेली, गोल, चंद्रासारखी वगैरे मी म्हणणार नाही. भाकरीसारखी गोल. आई थांबली, जरा वाकली आणि म्हणाली, "कड दिसती."

पुढे मास्तर अधूनमधून येत. चहा नको म्हणत, भाकरी मागून घेत. पाटावर टेकायच्या आधी दारात थांबून तळहात बघणं चुकत नसे. खिडकीच्या जाळीवर धूळ बसली की ती मला पुसायला लावत. "उजेड आधीच थोडा. त्यात तुमी गाळून घेताय."

गेल्या थंडीत ते शेवटचे आले तेव्हा त्यांना धाप लागत होती. दारात नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. तळहात उलटा केला, सुलटा केला. आई काळ्या दगडावर थापत होती. "बागुंदी," ते म्हणाले. तेव्हा ते तळहाताकडे बघत नव्हते, भिंतीकडेही नाही.

पंधरा दिवसांत ते गेले. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या मुलाने सामान आवरायला काढलं होतं. दुसऱ्यांची घरं रंगवणाऱ्या त्या माणसाचं स्वतःचं घर धुराने काळवंडलेलं होतं. आतल्या खोलीत मात्र चुलीमागची एकच भिंत रंगवलेली होती, मोतिया. चुलीत राखही नव्हती. त्या भिंतीसमोर स्वयंपाक करायला कुणी नव्हतं, आणि ती रंगवली तेव्हाही नसणार. मी दारात थांबून माझा तळहात उलटा करून बघितला. त्याच्यावरचा उजेड मला बघता येत नाही. मी परत आले.

आईची नजर परत आलेली नाही, येणारही नाही. पण ती रोज सकाळी उत्तरेच्या खिडकीखाली भाकरी थापते, स्वतः भाजते, स्वतः उतरवते. खानावळीतून भाकरी परत येत नाहीत. ओटा बदलल्यापासून तिचं बोट पुन्हा भाजलेलं नाही.