चौऱ्याऐंशी एमबीचा दाखला

नाचणगावचे बापूराव वकिली शिकले नाहीत, पण भल्याभल्या वकिलांना त्यांनी घाम फोडला, असं ते स्वतःच सांगतात. दुसऱ्या कोणाच्या तोंडून हे अजून ऐकलेलं नाही. माहिती अधिकाराचा कायदा त्यांनी घरी बसून वाचला, कॉम्प्युटरही कोणाला न विचारता शिकले. त्यामुळे आपल्याला जे येत नाही ते जगात कोणालाच येत नसणार, हा रोग त्यांना पक्का जडला.

त्या दिवशी दुपारी शेजारच्या सुलोचनाबाई कागदांची पिशवी घेऊन आल्या. त्यांच्या मेघाला नर्सिंगची सीट लागली होती. जात पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्याची पावती संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजला पाठवायची, नाहीतर सीट दुसऱ्याला. बाकी सगळं भरून झालं होतं. राहिला होता एकच कागद : मेघाच्या पणजोबाचं नाव आणि जात लिहिलेली जुन्या शाळेच्या रजिस्टरची नक्कल. शाई फिकी पडलेली, पण वाचता येत होती.

‘पाच मिनिटांचं काम,’ असं बापूरावांनी जाहीर केलं. तेव्हा दीड वाजला होता.

एकदा एका साहेबानं शिक्का दिसत नाही म्हणून त्यांचा अर्ज परत केला होता. तेव्हापासून ते कागदाची पाठसुद्धा स्कॅन करतात, तीही रंगीत, मशीनला झेपेल तेवढी बारीक. मग फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन शिक्का एका थरात, सही दुसऱ्या थरात, डाग तिसऱ्यात. पीडीएफ करताना तिथं एक चौकोन येतो : पुढे बदल करता यावेत म्हणून सगळं जपून ठेवायचं का? बापूरावांची तिथं कायम बरोबरची खूण. जपून ठेवायचं नाही तर काय? यांच्या कपाटावर वीस वर्षांपूर्वीच्या मोर्चाची पत्रकंही आहेत, आणि मोर्चाला माणसं कमी आल्यामुळे ती बरीच उरलेली आहेत.

फाइल झाली चौऱ्याऐंशी एमबीची. साइट म्हणाली, एकच एमबी चालेल.

बापूरावांनी हेल्पलाइनला फोन लावला आणि गरिबांना बाहेर ठेवण्याचा हा डाव कसा आहे, ते पंधरा मिनिटं समजावलं. पलीकडच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि फाइल लहान करा सर, एवढंच म्हणाली. मग त्यांनी चित्राचा दर्जा अगदी तळाला नेला. फाइल एकोणऐंशीवर आली. रागानं त्यांनी पानच आखडून टाकलं. आता ती बरोबर एका एमबीत बसली, पण पणजोबाच्या नावाच्या जागी मुंग्यांची रांग दिसू लागली.

सव्वातीन वाजले. सुलोचनाबाई हळूच म्हणाल्या, “भाऊ, पुलगावच्या सपनाले दाखवू का? थे लग्नाचे अल्बम करते.”

सपनाच्या स्टुडिओचा बोर्ड रस्त्यावर येतो म्हणून दोन वर्षांपूर्वी नगर परिषदेत अर्ज कोणी दिला होता, हे अख्ख्या पुलगावला ठाऊक होतं. बापूरावांनी सही ठळक केली होती ना. पण सुलोचनाबाई पिशवी उचलून उठल्याच. मग त्यांनीही पेनड्राइव्ह खिशात टाकला.

स्टुडिओत सपना एका नवरदेवाच्या गालावरचे खड्डे बुजवत होती.

“या काका. बोर्ड आतच हाये, मोजून घ्या.”

बोर्डासाठी आलो नाही, असं बापूरावांनी भिंतीकडे पाहून सांगितलं. तिनं फाइल उघडली, थर मोजले आणि हसू दाबलं.

“हे खूण कोणं लावली?”

“मीच. काऊन?”

“एका फाइलीत दोन फायली घेऊन फिरून राह्यले तुम्ही. एक दाखवाची, एक तुमच्या खटपटीची. दर्जा कमी केला तं दाखवाचीच बिघडते, खटपट तशीच राह्यते. साइटले तुमची मेहनत नाई पाह्यजे काका, कागद पाह्यजे.”

तिनं खूण काढली, सगळे थर एक केले, रंग काढून करडं केलं. इथं बापूराव पेटले. शिक्का जांभळा आहे, तो जांभळाच दिसला पाहिजे. आणि मागची बाजू गाळली तर उद्या आक्षेप येईल. वीस मिनिटं त्यांनी तिला अडवून धरलं. घड्याळात सव्वाचार.

“भाऊ,” सुलोचनाबाई घड्याळाकडे पाहत म्हणाल्या, “मांगं लिवलं तरी काय हाये?”

बापूरावांनी कागद उलटून पाहिला. मागं काही लिहिलेलं नव्हतं. चहाच्या कपाचा गोल डाग होता, अगदी ताजा. दुपारी चहा त्यांनीच घेतला होता.

त्यांनी कागद सुलटा करून सपनापुढे ठेवला. पुढचं काम चार मिनिटांत झालं. फाइल भरली चारशे केबीची, पणजोबाचं नाव ठसठशीत. चार एकतीसला पावती आली आणि कॉलेजला गेली.

सुलोचनाबाई तिथंच स्टुलावर बसून रडल्या. मेघाला फोन लावून त्यांनी तो बापूरावांच्या हातात दिला.

“काका, तुमच्याच्यानं झालं ना?” मेघानं विचारलं.

‘माझ्याकडे आलेलं काम होतेच’ हे वाक्य जिभेवर तयारच होतं. समोर दोघी जणी त्यांच्याकडे पाहत होत्या.

“सपनानं केलं,” बापूराव म्हणाले. “मी अडवून धरलं होतं.”

मेघाला वाटलं, काका गंमत करून राह्यले. ती खूप हसली.