गरम झाली की बंद पडते

गॅरेजात माणूस गाडीचं दुखणं सांगायला येतो. पण गाडीपर्यंत पोचायच्या आधी त्याची सासुरवाडी, रस्त्यातले खड्डे आणि मागच्या मेकॅनिकची अक्कल, सगळं येऊन जातं. नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्यावर माझं आणि गौतमचं गॅरेज आहे. मी इंजिन पाहतो, गौतम वायरिंग. आमच्याकडे जुन्या छोट्या गाड्याच जास्त, आणि तक्रार एकच: मधेच बंद पडते! म्हणून आमच्याकडे किस्से साचत गेले आणि आमचं स्वस्थ बसणं गेलं. जेवताना ताटावरसुद्धा मी कुणाच्या तरी इंजिनाचा विचार करत असतो. बायको म्हणते, "भाजी गार होऊन राह्यली, अन् तुमी कोनाची गाडी गरम करून राह्यले?"

*

इंजिनाचा एखादा सिलिंडर नीट पेटला नाही की गाडी थरथरते, झटके देते. आमच्या धंद्यात त्याला ‘मिसिंग’ म्हणतात. एकदा एका नव्या गिऱ्हाइकाचा फोन आला. गाडी लय हलते म्हणे.

गौतमने विचारलं, "मिसिंग हाये काय?"

"थांबा, पाह्यतो."

बोनेट उघडल्याचा आवाज आला. मग बरीच खुडबुड ऐकू आली.

"नाई हो भाऊ, मिसिंग काई दिसत नाई. सगळं जागच्या जागी हाये!"

*

वानखडे सर निवृत्त शिक्षक. त्यांची गाडी ते एकटे असले की मस्त चालायची. त्यांच्या बाई शेजारी बसल्या की सिग्नलला, गतिरोधकाला, जिथे वेग कमी होईल तिथे बंद! सरांनी हे घरात बोलून दाखवलं, आणि घरातलं वातावरण तापलं.

बाई स्वतः गॅरेजात आल्या. "मी काय पनोती हावो काय? तुमीच सांगा!"

आम्ही सरांना खुर्चीवर बसवलं आणि बाईंना घेऊन निघालो. गाडीत बसल्याबरोबर बाईंनी हात पुढे केला आणि एसी लावला. पुढच्याच वळणावर इंजिनाने मान टाकली. सर एकटे असताना एसी कधी लावतच नव्हते! उभ्या गाडीत इंजिनाला हवा पुरवणारा व्हॉल्व्ह काळा पडला होता, त्याला एसीचं ओझं झेपत नव्हतं. साफ केला, संपलं.

सर खुश झाले. "बरं झालं, गाडीतला दोष सापडला!"

बाई म्हणाल्या, "हाव. आता घरी चाला, दुसरा दाखवतो."

*

भास्करराव सोनाळ्याचे. त्यांची गाडी नेहमी एकाच पुलापाशी बंद पडायची. लोक म्हणाले, जागा चांगली नाही. मग भास्करराव तिथे उतरून नारळ फोडायचे, खबरदारी म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकवायचे, आणि गाडी चालू!

गौतम एकदा त्यांच्यासोबत गेला. पुलापाशी गाडी बंद पडली. त्याने नारळ बाजूला ठेवायला लावला आणि आधी झाकण उघडलं. ‘फुस्स!’ झाकणाचं बारीक छिद्र मातीने बुजलेलं, टाकीत हवाच शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल पुढे सरकत नव्हतं. घरून पुलापर्यंत येता येता इंजिनाचा श्वास कोंडायचा. झाकण बदललं.

पुढे बाजारात भेटले. मी विचारलं, "आता बंद पडते काय?"

"बिलकुल नाई."

"मंग नारळ?"

"फोडतो न! झाकनाची गॅरंटी तुमी घेता काय?"

*

सगळ्यात जास्त छळलं वनिताताईच्या गाडीने. ताई सोनाळ्याकडे नर्स आहे. तिची गाडी गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. आणि गॅरेजात आणली की एकदम शहाणी! दोष समोर आल्याशिवाय पकडायचा कसा?

म्हणून आम्ही ती भर उन्हात पळवत निघालो. वाटेत एका आजोबांना लिफ्ट दिली. मागे बसलेला गौतम चुळबुळ करत पुटपुटत होता, "पड न बे बंद! आता तरी पड!"

आजोबांनी थोडा वेळ ऐकलं. मग दाराला हात घातला. "बापू, मले इथंच उतरवा. मी पायी जातो."

गाडी शेवटपर्यंत बंद पडली नाही.

*

वनिताताईची भाची आता चालायला लागली आहे, म्हणून हा किस्सा हसत सांगता येतो.

आमचा संशय कॉईलवर होता. तिच्यातून प्लगला ठिणगी मिळते, आणि जुनी झाली की ती तापल्यावर दगा देते. नवी कॉईल अकोल्याहून यायची होती. त्याआधीच ताईच्या बहिणीला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. ताईने बहिणीला मागच्या सीटवर झोपवलं आणि शेगावचा रस्ता धरला.

दुपारी फोन आला. "भाऊ, वरवट गाव मागं टाकलं अन् गाडी बंद पडली! सुमीले कळा येऊन राह्यल्या. काय करू?"

मागून बहिणीचं कण्हणं ऐकू येत होतं. मी फोनचा आवाज मोठा केला. गौतमने फोन घेतला. "ताई, फोन स्पीकरवर टाका. बोनेट उघडा. कॉईल दाखवली होती न? तिच्यावर ओला फडका ठेवा."

"पानी एवढंच हाये, सुमीच्या बाटलीतलं."

मागून सुमी ओरडली, "टाक न माय! मले नको पानी!"

आम्ही दोघे फोनवर वाकून उभे. किल्ली फिरली. नाही. परत फिरली. नाही. गौतम म्हणाला, "थांबा, तिले थंडी होऊ द्या." ते थांबणं मी आयुष्यात विसरणार नाही. मग किल्ली फिरली आणि इंजिन पेटलं!

"ताई, आता दवाखान्यात पोचल्यावरही बंद करू नका," गौतम म्हणाला. "पुढं न्यायची पाळी आली अन् वापस चालू झाली नाई तर फसान."

फोन कुणी कापलाच नाही. आम्ही गॅरेजात बसून हॉर्न ऐकला, गेट ऐकलं, दारं उघडल्याचं ऐकलं, "स्ट्रेचर आना!" ऐकलं. मग पावलं लांब गेली. फोन सीटवरच राहिला. गाडी रिकामी, आणि इंजिन चालू.

थोड्या वेळाने वॉचमनचा आवाज आला. "कोनाची गाडी होय बे? कोनी नाई अन् चालूच? बंद करतो आता."

गौतम जीव खाऊन ओरडला, "ए! बंद नको करू!"

मग पळणाऱ्या चपला, आणि लांबून तोच आवाज:

"डॉक्टर सायेब! बाहेर या हो! गाडीच ‘बंद नको करू’ म्हनून राह्यली!"