वहीतलं माझ्या अक्षरातलं विमान

आजारी आईला भेटायला जाण्याआधी वकिलाला विचारावं लागावं, हे तुम्हाला पटतं? विमानाच्या इंधनाचा वास आला की मला ते कुंपण आठवतं. बाबा दर शनिवारी मला अमेरिकेतल्या बेलव्ह्यूहून विमानतळावर न्यायचे, दुर्बिणीतून विमानांच्या शेपटीवरचे नंबर वाचायचे आणि वहीत टिपायचे. एका आठवड्यात नागपूरला बाबांची आई, माझी आजी, आयसीयूत त्यांची वाट बघत होती. बाबांचा अमेरिकेचा व्हिसा नूतनीकरणात अडकलेला. "गेलात तर परत येता येईलच असं नाही," वकील म्हणाला, आणि बाबांनी तिकीट कॅन्सल केलं. तरी शनिवारी आम्ही कुंपणाशी गेलोच. "बाबा, व्हाय आर वी हिअर?" मी कुरकुरले. "माझं विमान बघायला." दुबईचं विमान धावू लागलं तशी त्यांनी दुर्बीण आणि वही माझ्याकडे दिली. "आज तूच वाच, तूच लिही. मला नीट दिसत नाहीये." त्या विमानाने ते सोमवारी नागपुरात पोचले असते, आजी मंगळवारी गेली. अख्ख्या वहीत तेवढी एकच ओळ माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात आहे. बाबा अजून ग्रीन कार्डच्या रांगेतच आहेत, मी मात्र इथे जन्मले म्हणून मत देते. तुम्हीही देत असाल, तर आजच तुमच्या भागाच्या संसदेतल्या प्रतिनिधीला फोन करून विचारा, की अशा माणसाने आईला भेटायला कधी जायचं.