दोन कप चहा

श्रीगोंद्यातल्या माझ्या स्टुडिओत एक ट्रक ड्रायव्हर आले, साठीचे. बायकोच्या वर्षश्राद्धाला दाखवायला त्यांना चित्रांचा छोटा व्हिडिओ हवा होता. ती गेल्यावर गॅसच्या पुस्तकात तिची कविता सापडली होती. चारच ओळी:

सकाळी दार उघडलं,
दुपारी अंगण झाडलं,
संध्याकाळी दोन कप चहा केला,
दोन्ही मीच प्याले.

मी टॅबवर स्टोरीबोर्ड काढायला घेतला, एका ओळीला चित्राची एक चौकट. ते शेजारी बसून प्रत्येक चौकट दोन बोटांनी मोठी करून बघायचे. "दाराची कडी डावीकडं हाय," म्हणाले. पण बायको झाडू कोणत्या हातात धरायची, ते त्यांना सांगता येईना.

"शेवटच्या चौकटीत तुम्हाला दारात दाखवू का?" मी विचारलं. "बघणाऱ्यांना बरं वाटेल."



"नको. मी नव्हतोच. सारा जन्म गाडीवर हुतो. तिनं लिवलंय तसंच राहू द्या."

मी चित्रात दुसरा कपही तिच्याच हातात दिला. त्यांनी तिचा चेहरा मोठा केला, पुन्हा लहान केला.

"हिला राग आलाय का ओ?"

चित्र मीच काढलं होतं, तरी मला सांगता आलं नाही.