पावसाच्या गावातलं शिळं पाणी

मुलुंडच्या आमच्या इमारतीत पाणी नळाने येत असे, असं लोक समजतात. माझं मत वेगळं आहे. ते माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या हुकमाने येत असे. भाऊजी रात्री नळाची तोटी उघडी ठेवून झोपत. पहाटे पाण्याआधी नळातून हवेचा सुस्कारा निघे, आणि त्या सुस्काऱ्यासरशी ते अंथरुणातून ताडकन उठत. मग पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि बनियन अशा वेशात चारही मजल्यांवर प्रत्येक दारावर थाप मारत निघत, "आलं हो!" काय आलं, हे कुणी विचारत नसे. एकदा दुसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड राहायला आलं होतं. ते बिचारे भूकंप झाला समजून पोराबाळांसह अंगणात जाऊन उभे राहिले. भाऊजींनी त्यांना बादल्या आणायला परत वर पाठवलं आणि वर, पहिलाच दिवस आहे म्हणून माफ केलं.

घरातली, पाणी मावेल अशी एकही वस्तू रिकामी दिसलेली त्यांना खपत नसे. पिंप, हंडे, कळशा भरल्या की पातेल्यांची पाळी, मग डब्यांची, मग थर्मासची. ताईच्या रुखवतातली चांदीची लोटीसुद्धा सुटली नव्हती. पाहुणा आला की चहा कशात टाकायचा, ही ताईची रोजची विवंचना. बरं, संध्याकाळ झाली की हेच पाणी त्यांच्या लेखी शिळं व्हायचं. मग ते तुळशीला, जिन्याला, खाली उभ्या असलेल्या कुणाच्याही स्कूटरला घालून भांडी मोकळी करायची आणि पहाटे पुन्हा काठोकाठ भरायची. रोज ओतून द्यायचं तर साठवायचं कशाला, असं मी एकदा विचारलं. रोज तर येतंय की, असंही मीच म्हणाले. भाऊजींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "आजपर्यंत आलंय गं. उद्याचं तुला कुणी सांगितलंय?"

या सगळ्या कारभारात हंडे उचलायचं काम मात्र ताईकडे होतं. भाऊजी काही निर्दयी नव्हते. ताईला साधी शिंक आली तरी ते डॉक्टरांकडे धावत. पण हंडे भरायच्या वेळी ते तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी दारावर असत, आणि परत येईपर्यंत सगळं जागच्या जागी गेलेलं असे. ते आपोआपच जातं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. ताईची कंबर चाळिशीच्या आत धरली. मी समोरच्याच बिऱ्हाडात राहत असल्यामुळे तिचं कण्हणं मला ऐकू येई. त्यांना ते का ऐकू येत नाही, म्हणून माझा पुष्कळदा संताप होई.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. भाऊजी एका कंपनीत यंत्रांचे आराखडे काढत. कंपनीने त्यांना तीन वर्षांसाठी स्कॉटलंडमधल्या एका लहानशा गावी पाठवायचं ठरवलं. गावाचं नाव आमच्यापैकी कुणालाच नीट उच्चारता येईना, त्यामुळे इमारतीत त्याला 'तिकडे' हेच नाव पडलं. तिकडे बाराही महिने पाऊस असतो, एवढंच कळलं होतं. भाऊजींना निरोप द्यायला अख्खी इमारत रस्त्यावर आली. डोळे पुसता पुसता, उद्यापासून शांत झोप लागणार, हेही सगळ्यांच्या मनात होतं. ती लागलीही. पहिल्याच सोमवारी निम्मी इमारत आंघोळीशिवाय ऑफिसला गेली.

तिकडे ताईला घर मिळालं ते एका गल्लीच्या टोकाला. गाव इतकं शांत की शेजारणीने किटली ठेवली तरी कळावं. न्हाणीघरात पांढराशुभ्र टब होता. ताईने आयुष्यात पहिल्यांदा टबात बसून आंघोळ केली ती पोहोचल्या दिवशी, आणि तीच शेवटची. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी टब साठवणीच्या पाण्याने भरून टाकला. इथे नळ दिवसरात्र चालू असतो, बाहेर पाऊस थांबत नाही, असं ताईने समजावलं. त्यावर ते म्हणाले, "पाऊस मुंबईत नाही पडत? म्हणून नळाला येतं का?" दोघंही टबाशेजारी बादली ठेवून तांब्याने आंघोळ करू लागले. संध्याकाळी शिळं झालेलं पाणी टाकून देणं जिवावर येई, म्हणून भाऊजी ते बादलीने मागच्या बागेत नेऊन गुलाबांना घालत. भर पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन. शेजारची म्हातारी पडद्याआडून रोज हे पाहत असे. शेवटी तिने ताईला हळूच विचारलं, तुझ्या नवऱ्याची तब्येत बरी असते ना?

तब्येत खरंच बरी नव्हती. पहाटे ते उठून बसत. नळ सुस्कारा टाकत नसे आणि उठवायला कुणी नसे. आपला इथे काडीचा उपयोग नाही, हे त्यांच्या मनाने घेतलं. सहा महिने झाले असतील, तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे आमच्यासाठी फोन आला. भाऊजींनी सगळ्यात आधी विचारलं ते हल्ली पाणी कधी येतं. मग म्हणाले, मी राजीनामा देतोय, आम्ही परत येतोय. ताईने फोन घेतला आणि आधी माझी खुशाली विचारली. मग म्हणाली, "मला इथं उजाडेपर्यंत झोप लागते गं. एवढंच होतं."

नवरा झुरतोय म्हटल्यावर ती त्याला अडवणार नव्हती, हे मला माहीत होतं. त्या दिवसापासून समोरच्या बंद दाराकडे पाहिलं की मला तिचे हंडे दिसत. ते लोक परत येऊ नयेत, असं सख्ख्या बहिणीबद्दल मनात यावं याची लाज वाटे, पण येई खरं.

राजीनाम्याचा कागद टेबलावर असतानाच तिकडे थंडीची जबरदस्त लाट आली आणि गल्लीला पाणी पुरवणारा नळ जमिनीखाली गोठून फुटला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांच्या माळ्यावरच्या टाक्या कोरड्या पडल्या. पाण्यावाचून घर कसं चालवतात, हे त्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिली आली ती शेजारची म्हातारी, हातात रिकामी किटली घेऊन. भाऊजींनी तिला न्हाणीघरात नेलं आणि टब दाखवला. टब, बादल्या, पातेली, थर्मास. म्हातारी तिथल्या तिथे स्टुलावर बसली. तासाभरात अख्खी गल्ली दारात उभी राहिली, आणि भाऊजींनी मुलुंडच्या शिस्तीत वाटप केलं. घरटी एक बादली, म्हातारी माणसं आणि तान्ह्या बाळांची घरं आधी, रांग मोडणाऱ्याला शेवटी. एका लालबुंद गृहस्थाने दुसरी बादली पुढे केली, तर त्याला मराठीत झापलं. त्याला ते बरोबर कळलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे नळाने सुस्कारा टाकला. ताई सांगते, हे ताडकन उठले, तिला हाक मारायला वाकले आणि तसेच थांबले. तिने डोळे किलकिले करून पाहिलं. ते तिच्याकडे बघत नुसते उभे होते. मग तिच्या खांद्यावर पांघरूण ओढून ते कोट चढवून बाहेर पडले, आणि त्या बर्फात प्रत्येक दारावर थाप मारत गेले. "आलं हो!" मराठीतच. लोक झोपेच्या कपड्यांत दारात आले आणि एकानेही तक्रार केली नाही. राजीनाम्याच्या कागदात म्हातारीला केकचा तुकडा बांधून दिला गेला. ते आता परत येत नाहीत, ही बातमी मी डॉक्टरांच्या फोनवर ऐकली. इतकं हलकं मला स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दोन वर्षांनी दोघं सुट्टीवर आली. पहिल्याच पहाटे माझ्या दारावर थाप नाही, एका बोटाची टकटक झाली. उघडून पाहते तर भाऊजी, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, आणि खांद्यावर भरलेला हंडा. समोर त्यांच्या दारात आणखी दोन भरून ठेवलेले. मी आनंदाने काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. ती झोपलीय."

पुढे ते तिकडेच राहिले. आमच्याकडे गच्चीवर टाकी बांधली, पंप बसला. आता कुणी दारावर थापही मारत नाही की टकटकही करत नाही. मला मात्र सवयीने पहाटे जाग येते. काही वेळ मी तशीच कानोसा घेत पडून राहते. मग हिशेब करते, तिकडे आत्ता मध्यरात्र असेल, पाऊस पडत असेल, टब भरलेला असेल आणि ताई गाढ झोपली असेल. की मग मीही कूस बदलते.