लाईट गेल्यावरचे तीन ठोके

माझं अक्षर किडमिडं आहे, आणि वेलांटी पहिली कुठं, दुसरी कुठं, हे मला अजून कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. लेकीच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहितेय, कुणाला दाखवायचं नाही. तरी चुकून कुणाच्या हाती लागली तर चुका पोटात घाला.

मी वाळूजला एका लहानशा शेडमध्ये प्रेस मशीनवर बसते. पत्र्याची पट्टी आत सरकवायची, पायानं पायडल दाबायचं. वरून लोखंडी ठोका येतो आणि खालच्या साच्यात वॉशर कापला जातो. साच्याला डाय म्हणतात. मशीनच्या अंगाला माझ्या छातीएवढं जड चाक आहे. मोटर चाक फिरवते, चाक ठोका देतं.

पैसे नगावर. म्हणून लाईट गेली की आम्हा बायांची एक रीत होती. मोटर बंद पडली तरी चाक लगेच थांबत नाही. त्या उरलेल्या फिरण्यावर पटापट पायडल मारून घ्यायचं. माझ्या मशीनवर तीन ठोके निघायचे, मग चाक गार. शेजारच्या मशीनवरच्या मावशी चार-पाच काढायच्या. म्हणायच्या, "लाईट नेली त्यांनी, चाक तर नाय नेलं."

तीन झाले की मी बिनधास्त हात घालून डाय साफ करायची. खरं तर अडकलेला नग काढायला अ‍ॅल्युमिनियमचा चिमटा देतात. तो मऊ असतो, ठोक्याखाली आला तरी डायला काही होत नाही. माझा हरवला होता. दुसरा मागायचा तर साहेबांच्या टेबलापाशी सगळ्यांसमोर उभं राहायचं. माझ्यानं ते झालं नाही. महिना तसाच काढला. मग पत्र्यानं दोन बोटं कापली, चिंधी बांधावी लागली आणि चिंधीची बोटं आत जाईनात. म्हणून मी घरची सांडशी पिशवीत टाकून नेली.

त्या दिवशी सकाळी मिस्तरीनं माझ्या चाकाला नवीन बेअरिंग टाकलं होतं. दुपारी लाईट गेली. मी तीन ठोके मारले. तिसरा वॉशर डायमध्ये अडकला. मी चाकाकडं बघितलं. चाक गुळगुळीत, त्यावर ना खूण ना डाग. मला ते थांबलेलं दिसलं. मी सांडशी आत घातली.

पाय माझा होता, पण पायडल मी जाणून दाबलं नाही. सकाळपासून तो दाबतच होता, तसाच दाबत राहिला.

ठोका आला. हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. सांडशीचं तोंड चपटं झालं होतं आणि डाय मधोमध तडकली होती. मी हात पोटाशी धरून खाली बसले. बघायची हिंमत होईना.

मावशी धावत आल्या. "हात दाव. आधी हात दाव मला." त्यांनीच एकेक बोट उघडून बघितलं.

साहेब आले ते आधी डायपाशी वाकले. "काय बाई, चहाचं पातेलं उतरवत होता का इथं? डायमध्ये लोखंड घालतं का कुणी?"

मावशी म्हणाल्या, "साहेब, बोटं गेली असती तर वेल्डिंग करून दिली असती का?"

"डायचे पैसे कापावे लागतील," साहेब म्हणाले. "दर महिन्याला थोडे थोडे. अन् फिटेस्तोवर याच मशीनवर बसायचं. पॅकिंगला बसलात तर तिथल्या कमी पगारात ते निघायचे नाहीत."

म्हणजे ज्याची भीती, त्याच्याच पुढं रोज आठ तास. लाईट गेली की मी दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीवर घ्यायची आणि हात मांडीखाली दाबून बसायची. घरी पंखा बंद केला तरी पाती थांबेपर्यंत माझी नजर हलत नसे. पैठणला जाताना यष्टीनं करकचून ब्रेक मारला, गाडी थांबली आणि मी मात्र पुढच्या दांड्यावर आदळले. तेव्हा अंगाला जे झालं तेच त्या चाकाला होत असणार, असं मनात आलं.

लेकीला सांगितलं. ती नववीला आहे. म्हणाली, "आई, याला जडत्व म्हणतात. चालणारी वस्तू चालतच राहायला बघते. घर्षण तिला थांबवतं. नव्या बेअरिंगनं घर्षण कमी झालं, म्हणून चौथा ठोका आला." मग तिनं माझी बोटं आपल्या हातात घेतली. मला शब्द पटला, भीती काही गेली नाही.

खंडेनवमीला आम्ही मशीनला हळदकुंकू वाहतो. सगळ्या बाया मशीनच्या कपाळाला लावतात. मी चाकाच्या कडेला कुंकवाचं मोठं बोट ओढलं, वर तेल लावून पक्कं केलं. आता चाक फिरत असलं की लाल कडं दिसतं, थांबलं की टिकली. टिकली दिसल्याशिवाय मी हात उचलत नाही. पुढच्या आठवड्यात मावशींनीही त्यांच्या चाकाला ओढून घेतलं. लाईट गेल्यावरचे फुकटचे ठोके आता आम्ही दोघी मारत नाही.

डायचे अजून चार हप्ते राहिले होते. या महिन्यात माझी भिशी लागली. मिक्सर घ्यायचा होता. तो राहू दिला. काल पैसे रुमालात बांधून मी साहेबांच्या टेबलापाशी गेले, सगळ्यांसमोर.

"साहेब, मला पॅकिंगला टाका. अन् अ‍ॅल्युमिनियमचा चिमटा त्या मशीनवर ठेवा, पुढं जी बसंल तिच्यासाठी."

त्यांनी नोटा दोनदा मोजल्या. ड्रॉवर उघडून नवा चिमटा काढला आणि "उद्यापासून पॅकिंगला बसा" म्हणत माझ्या हातात दिला. मी तो डायशेजारी ठेवून आले. पैसे सगळे फिटले.