सतरा तासांचा सराव

पुण्याहून मुलाच्या सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचं अंतर साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. मुंबईहून थेट विमान मिळालं, तर सतरा तास. नारायण पेठेतल्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मुलगा दर रविवारी फोनवर ऐकवायचा, "बाबा, सतरा तास बसून राहायचं. आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही." नात तीन वर्षांची झाली होती आणि आम्ही तिला फक्त मोबाइलवर पाहिलं होतं.

झेपतं हे सिद्ध करायचं मी ठरवलं. कुणी चुकीचं उत्तर दिलं की अजून माझा हात खडू शोधतो. कर्वेनगरच्या आमच्या हॉलमध्ये जेवणाच्या दोन खुर्च्या एकामागे एक मांडल्या, मागच्या माणसाचे गुडघे पुढच्या पाठीला टेकतील इतक्या जवळ, आणि बायकोला मागच्या खुर्चीत बसवलं. आधी पाच तास, पुढच्या आठवड्यात आठ, मग बारा. दर दोन तासांनी पॅसेजमध्ये फेऱ्या. जेवणसुद्धा मांडीवर. ती मुकाट्याने बसायची. एकदाच म्हणाली, "अहो, विमानात निदान इतक्या सूचना तरी नसतील." शेवटी सतरा तासही झाले. रात्री तिला तेल चोळून द्यावं लागलं, पण झाले. मी तासातासाची नोंद मुलाला पाठवली. त्याने नुसता अंगठा पाठवला.

दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी सुनेच्या आईवडिलांकडे, वारज्याला गेलो. दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, "ते तर पोरीकडं गेलेत, अमेरिकेला. झाले की दोन महिने."

विहीणबाई काठीशिवाय चार पावलं चालत नाहीत. वारज्याहून अमेरिका जवळ पडत असावी.

डबा तसाच घेऊन परतलो. पोटच्या पोराने केसाने गळा कापला होता. घरात शिरताच ओरडलो, "फसवलं आपल्याला तुझ्या लाडक्याने!"

तिने डबा घेऊन ओट्यावर ठेवला. "ते गेलेत हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "मलाही बोलावतोय तो, गेल्या वर्षापासून. एकटीला. म्हणतो, बाबा आले की घरात सगळ्यांची परीक्षा सुरू होते. हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून त्याने माझे गुडघे पुढे केले. मीच म्हटलं, चालेल."

"आणि तरी तू सतरा तास बसलीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने खुर्च्या मांडल्या होत्या."

मुलाचं एक वेळ समजून घेतलं असतं. तो दूर गेला, बदलला. पण ही तर रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होती, मी घड्याळ लावत होतो तेव्हा माझ्याकडे बघत होती, आणि या घरात मूर्ख कोण हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"त्याला मी नाहीच म्हणत आले," पदराला हात पुसत ती म्हणाली. "गेले असते तर तुम्हाला कारण कळलं असतं."

मी जेवणाची एक खुर्ची ओढून बसलो.

"आता कळलंच आहे, तर मी जाऊन येते."